विंचू चढतो म्हणजे नेमकं काय होतं?

आमच्या भोकरकडे विंचू नुसता चावत नाही, तो 'चढतो'. चढला की उतरवणारा शोधायचा, ही जुनी रीत. माझ्या आजोबांचा धाकटा भाऊ असाच गेला. हरभऱ्याच्या पेंढ्या उचलताना लाल विंचू डसला. रात्रभर उतारा चालू होता, अंग घामाने भिजलेलं, हातपाय बर्फासारखे गार, आणि पहाटे तोंडाला फेस. घरात ही गोष्ट आजही एकाच वाक्यात संपते : "विंचू काळजाला भिडला."

हे वाक्य शास्त्रीयदृष्ट्या किती खरं आहे, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. आणि ते समजून घ्यायचं तर आधी कॅल्शियमची गोष्ट सांगावी लागते.

कॅल्शियम म्हटलं की आपल्याला हाडं, दात, फार तर पानातला चुना आठवतो. पण १८८३ मध्ये लंडनला सिडनी रिंगर नावाच्या डॉक्टरांना एक वेगळीच गोष्ट दिसली. बेडकाचं हृदय शरीराबाहेर काढून ते मिठाच्या पाण्यात धडकत ठेवायचे. ते मिठाचं पाणी शुद्ध, ऊर्ध्वपातित पाण्यात न करता चक्क नळाच्या पाण्यात केलेलं होतं, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं. शुद्ध पाणी वापरलं तर हृदय बंद पडायला लागलं! नळाच्या पाण्यात होता चुना, म्हणजेच कॅल्शियम. आपल्या बोअरच्या पाण्याने पातेल्यावर जो पांढरा थर बसतो ना, त्याच जातीचा. दवाखान्यात सलाईनच्या बाटलीवर 'आरएल' लिहिलेलं असतं, त्यातला 'आर' म्हणजे हेच रिंगर.

म्हणजे स्नायू आकुंचन पावायला कॅल्शियम लागतं. पण किती आणि केव्हा? आता बघा, पेशीच्या आत मोकळं कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा जवळपास दहा हजार पटींनी कमी असतं. पेशी ते सतत पंपाने बाहेर फेकते, नाहीतर आतल्याच कोठारात भरून ठेवते. १९६० च्या सुमारास जपानमध्ये सेत्सुरो एबाशी आणि जर्मनीत विल्हेल्म हासेलबाख यांनी स्नायूंमधलं हे कोठार भरण्याचं काम दाखवून दिलं. विष्णुपुरीचं धरण डोळ्यांसमोर आणा. पाणी अडवलेलं आहे म्हणून दरवाजा उघडण्याला अर्थ आहे. पाणी सगळीकडे सारखंच पसरलेलं असतं, तर दरवाजा उघडून काय होणार होतं?

मग दरवाजा उघडतो कोण? १९५३ मध्ये मेबल आणि लोवेल होकिन या जोडप्याला कबुतराच्या स्वादुपिंडाच्या कापांवर प्रयोग करताना दिसलं की बाहेरून रासायनिक निरोप आला की पेशीच्या आवरणातल्या एका स्निग्ध पदार्थात उलथापालथ होते. कशासाठी, ते कळेना. १९७५ मध्ये रॉबर्ट मिशेल यांनी तिचा संबंध कॅल्शियमशी जोडला. आणि १९८३ मध्ये 'नेचर'मध्ये श्ट्रेब, अर्विन, बेरिज आणि शुल्झ यांचा निबंध आला : त्या स्निग्ध पदार्थापासून सुटा होणारा आयपी-थ्री नावाचा बारकासा रेणू आतल्या कोठारातून कॅल्शियम सोडवतो. १९८९ मध्ये जपानच्या मिकोशिबांच्या गटाने त्या दरवाजाचा जनुकच वाचून काढला. पुढे १९९१ मध्ये आणखी एक गंमत कळली. थोडं कॅल्शियम सुटलं की दरवाजा जास्त उघडतो, आणि फार झालं की तेच कॅल्शियम दरवाजा बंद करतं. स्वतःच उघडणारा, स्वतःच आवरणारा!

आता आपल्याकडे येऊ.

जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ च्या सुमारास कोकणात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. तिथे लाल विंचवाने डसलेली धडधाकट माणसं, लहान मुलं डोळ्यांदेखत जात होती. गंभीर रुग्णांपैकी शंभरात पंचवीस-तीस. बावस्करांनी रात्र रात्र रुग्णाजवळ बसून नोंदी केल्या : घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, वाढलेला रक्तदाब आणि शेवटी फुप्फुसात भरणारं पाणी. या नोंदी १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आल्या.

घडत होतं असं : विंचवाच्या विषाने मज्जातंतूंची सोडियमची दारं मिटतच नाहीत, त्यामुळे ते सारखे निरोप पाठवत राहतात. शरीरात अॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. रक्तवाहिन्यांच्या भिंतीवर त्यांना ओळखणारे 'अल्फा' रिसेप्टर असतात. त्यांच्यावर निरोप पडला की आत तोच आयपी-थ्री तयार होतो, कोठारातून कॅल्शियम सुटतं आणि वाहिनी आवळते. सगळ्या वाहिन्या एकदम आवळल्या की हातपाय गार पडतात. हृदय बंद दारावर धडका मारून थकतं, आणि मागे फुप्फुसात पाणी साचतं. तोंडाला येणारा फेस तो हाच. काळजाला भिडला म्हणणाऱ्यांनी अगदी बरोबर पाहिलं होतं!

बावस्करांनी निवडलेलं औषध होतं प्राझोसिन, रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी. ती अल्फा रिसेप्टर अडवते, म्हणजे आत दरवाजा उघडण्याचा निरोपच पोहोचत नाही. १९८६ मध्ये हे काम 'लॅन्सेट'मध्ये आलं. या उपचाराने मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास खाली आलं. २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेल्या त्यांच्याच अभ्यासात प्राझोसिनला प्रतिविषाची जोड दिली तर रुग्ण आणखी लवकर सावरतो असं दिसलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मला नवल वाटतं ते सालांचं. केंब्रिज-जर्मनीतली माणसं स्वादुपिंडाच्या पेशींना छिद्रं पाडून दरवाजा शोधत होती, त्याच काळात महाडचा एक डॉक्टर रुग्णाचे तळपाय हाताने चाचपून ते गरम झाले का बघत होता. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, आणि प्राझोसिन काही आयपी-थ्रीच्या शोधातून आलं नाही. तरी दोघं एकाच वाटेच्या दोन टोकांवर उभे होते. एकाला ती वाट आतून दिसली, दुसऱ्याला बाहेरून. पेशंट वाचवायला बाहेरून दिसलेलं पुरलं.

मांत्रिकाला मी आता हसत नाही. त्याच्याकडे रात्रभर जवळ बसण्याची तयारी होती, फक्त गोळी नव्हती. गावाकडच्या मंडळींना मात्र एकच सांगणं : विंचू डसला आणि घाम सुटून हातपाय गार पडू लागले, तर गाडी काढा आणि थेट सरकारी दवाखाना गाठा. उतारा नंतर बघू.