गिरणीवाल्याची नजर

इंग्रज निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबल याची एक गोष्ट फार सांगितली जाते. त्याचे आश्रयदाते सर जॉर्ज बोमाँट स्वतः हौशी चित्रकार आणि जुन्या चित्रांचे संग्राहक. निसर्गचित्राचा एकूण रंग जुन्या क्रेमोना व्हायोलिनसारखा तपकिरी असावा, असं त्यांचं मत. कॉन्स्टेबलने एक जुनं व्हायोलिन उचललं आणि बाहेरच्या हिरव्यागार गवतावर नेऊन ठेवलं. झालं, वाद मिटला.

गोष्ट फक्कड आहे, पण तिची जात बखरीची आहे. ती येते चार्ल्स रॉबर्ट लेस्लीने लिहिलेल्या कॉन्स्टेबलच्या चरित्रात. हे पुस्तक १८४३ साली निघालं. तेव्हा कॉन्स्टेबलला जाऊन सहा वर्षं झाली होती आणि बोमाँटना सोळा. लेस्ली कॉन्स्टेबलचा जवळचा मित्र, त्यामुळे माहिती आतली. पण मित्र असल्यामुळेच त्याने पत्रांमधला तिखटपणा बराच काढून टाकला. व्हायोलिनच्या गोष्टीला त्याने तारीख दिलेली नाही. या एका प्रसंगावर भिस्त ठेवून कॉन्स्टेबलला जुन्या चित्रकारांचा वैरी ठरवायचं, तर आधी अस्सल कागद उलगडायला हवेत. ते सुदैवाने भरपूर आहेत. आर. बी. बेकेट यांनी कॉन्स्टेबलचा पत्रव्यवहार १९६२ ते १९६८ या काळात सहा खंडांत छापला, आणि त्याची व्याख्यानं १९७० साली निराळ्या खंडात.

डिसेंबर १८२२ मधलं एक पत्र व्हायोलिनच्या गोष्टीला दुजोरा देतं असं वाटतं. मित्र जॉन फिशर याला कॉन्स्टेबल लिहितो की राष्ट्रीय चित्रसंग्रहालय काढायची बोलणी चालू आहेत; ते झालं तर इंग्लंडातली कला संपलीच म्हणायची, कारण मग उत्तमाचं माप निसर्ग न राहता जुनी चित्रं होतील.

पुढच्याच शरद ऋतूत हा माणूस बोमाँटच्या घरी, लेस्टरशरमधल्या कोलऑर्टन हॉलला जातो आणि आठवड्यामागून आठवडे तिथेच रमतो. करतो काय, तर क्लॉड लोरँची नक्कल. क्लॉड हा सतराव्या शतकात रोममध्ये राहून चित्रं काढणारा फ्रेंच चित्रकार, म्हणजे कॉन्स्टेबलच्या पावणेदोनशे वर्षं मागचा. शेळ्या आणि गुराखी असलेलं त्याचं एक छोटं चित्र कॉन्स्टेबलने हुबेहूब उतरवून घेतलं. ती नक्कल आज सिडनीच्या संग्रहालयात आहे. लंडनमध्ये पत्नी मरिया मुलांना सांभाळत वाट पाहत होती. तिच्या पत्रांतली नाराजी त्याला कळत होती. तुला क्लॉडचा मत्सर वाटला तर मला नवल नाही, आपल्या प्रेमाच्या आड कुणी येऊ शकत असेल तर तोच, अशा अर्थाचं तो तिला लिहितो. थट्टा आहे हे खरं, पण वैऱ्याबद्दल कुणी अशी थट्टा करत नाही.

पत्रांहून मोठा पुरावा खुद्द चित्रांत आहे. बोमाँटकडे क्लॉडचं एक अगदी लाडकं चित्र होतं, १६४६ सालचं: मालकिणीच्या जाचाला कंटाळून पळालेली हागार आणि तिला परत जायला सांगणारा देवदूत. जेमतेम बावन्न सेंटिमीटर उंचीचं हे चित्र प्रवासातही ते बरोबर नेत. पुढे राष्ट्राला चित्रं देऊन टाकताना त्यांनी हे एक मरेपर्यंत माझ्याजवळ राहू द्या म्हणून परत मागून घेतलं. लेस्ली सांगतो की कॉन्स्टेबलने ते प्रथम पाहिलं ऐन तारुण्यात, बोमाँटच्या आईच्या घरी, म्हणजे कॉन्स्टेबलच्या गावाशेजारच्या डेडम इथे.

आता १८०२ सालचं कॉन्स्टेबलचं ‘डेडम व्हेल’ त्याच्या शेजारी ठेवून पाहा. निसर्गचित्र सहसा आडवं असतं. ही दोन्ही उभी आहेत. दोन्हींत झाडांनी चौकट धरली आहे आणि मधून नजर नदीच्या वळणाने लांब क्षितिजाकडे जाते. फक्त दूरवर इटलीऐवजी डेडमच्या चर्चचा मनोरा आहे. बोमाँट वारले १८२७ मध्ये. १८२८ मध्ये कॉन्स्टेबलने तोच देखावा पुन्हा घेतला, या वेळी जवळजवळ दीड मीटर उंचीचा. झाडं तशीच, नदी तशीच, आणि पुढच्या बाजूला, क्लॉडच्या चित्रात जिथे हागार आहे साधारण तिथे, जाळापाशी मूल घेऊन बसलेली एक भटकी बाई. हा बोमाँटना दिलेला निरोप होता असं अभ्यासक मानतात. लेखी पुरावा नसला तरी तारखांचा क्रम पाहता मलाही ते पटतं.

मग भांडण होतं कशाशी? याचं उत्तर लेस्लीच्याच पुस्तकात, व्हायोलिनच्या मानाने कमी गाजलेल्या एका प्रसंगात मिळतं. बोमाँट चित्र काढताना गास्पार पुसँ या जुन्या चित्रकाराचं एक छोटं चित्र शेजारी ठेवून रंग जुळवत बसले होते. हे रंग साधले की आपण चुकत नाही, असं ते म्हणाले. त्यावर कॉन्स्टेबलने विचारलं, गास्पार थडग्यातून उठून आला तर त्याला आपलं हे चित्र ओळखू तरी येईल का? कुणीतरी यावर डांबर नाहीतर गाडीचं वंगण फासून अर्धवट पुसलंय, असंच तो म्हणेल! म्हणजे तपकिरी रंग जुन्या चित्रकारांचा नव्हता, तो वार्निशचा आणि धुराचा होता. दोन काळांतली चित्रं शेजारी ठेवताना मधल्या काळाची पुटं वजा करावी लागतात, हे आज संवर्धनशाळेत शिकवतात. ते कॉन्स्टेबलला गाडीच्या आसावरून सुचलं.

ते सुचायचं कारण त्याच्या घरात आहे. वडील गोल्डिंग कॉन्स्टेबल गिरण्यांचे मालक; फ्लॅटफर्ड आणि डेडमला पाणचक्क्या, ईस्ट बर्गहोल्टला पवनचक्की. जॉनने तिथे काही काळ काम केलं. त्या पवनचक्कीच्या लाकडावर त्याने चाकूने कोरलेला चक्कीचा आकार, नाव आणि १७९२ हे साल शिल्लक आहे. पवनचक्की चालवणाऱ्याला आकाश वाचावंच लागतं: वारा फिरला की चक्कीचं तोंड फिरवायचं, वादळ येतंय असं दिसलं की पात्यांवरचं कापड गुंडाळायचं. धंदा पुढे भाऊ अब्रामने सांभाळला. तो म्हणे, जॉनने काढलेली चक्की फिरेल अशी वाटते, इतरांची नेहमीच वाटते असं नाही. माझ्या मते कॉन्स्टेबलवरचा हा सर्वांत नेमका अभिप्राय आहे.

चक्की खरंच फिरेल का, हीच कसोटी त्याने जुन्या चित्रकारांनाही लावली. १८३६ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये, जिथे मायकेल फॅराडे काम करत होता त्या इमारतीत, त्याने निसर्गचित्राच्या इतिहासावर चार व्याख्यानं दिली. छापील संहिता त्याने ठेवली नाही. लेस्लीने टिपणांवरून ती जुळवली. त्यांत टिशियनपासून क्लॉड, पुसँ, डच चित्रकार, त्याच्या मते घसरलेला बूशे आणि मग इंग्रज अशी सगळी परंपरा येते. एक भाग मात्र असा आहे की तो दुसऱ्या कुणाला लिहिता आला नसता.

सतराव्या शतकातला डच चित्रकार याकोब व्हान रौसडाल याचं एक हिमचित्र. कॉन्स्टेबल श्रोत्यांना त्यातल्या दोन पवनचक्क्या दाखवतो. एकीचं कापड गुंडाळलेलं आहे आणि ती काम थांबलं तेव्हा वारा जिकडून येत होता तिकडे तोंड करून उभी आहे. दुसरीच्या पात्यांवर कापड चढवलेलं आहे आणि तोंड निराळ्या दिशेला. म्हणजे वारा फिरला. ढगही त्याच बाजूला उघडले आहेत, आणि आकाशातल्या झळाळीवरून ती दिशा दक्षिण. तेव्हा सकाळ व्हायच्या आत बर्फ वितळू लागणार. चित्रकाराला आपण काय रंगवतोय हे समजत होतं, असा निर्वाळा तो देतो. लगेच त्याच रौसडालच्या दुसऱ्या चित्राचा विषय काढतो: थडगी, पडके अवशेष आणि आयुष्याच्या ओघाचं रूपक म्हणून वाहणारा ओहोळ. इथे तो फसला, म्हणतो. हे सगळं बघणाऱ्याने ओळखायचं कसं? आजचे अनेक जाणकार ते थडग्यांचं चित्र रौसडालच्या श्रेष्ठ कृतींत धरतात. कॉन्स्टेबलची कसोटी तिथे तोकडी पडते असं मलाही वाटतं. ओहोळाला वारा लागत नाही, म्हणून तो काही कमी ओला होत नाही. पण ती कसोटी आहे, आवडनिवड नव्हे. त्याच मालिकेच्या शेवटच्या व्याख्यानात त्याने चित्रकलेला विज्ञान म्हटलं आणि चित्रांना त्यातले प्रयोग. १८२१-२२ मध्ये हॅम्पस्टेडला काढलेल्या ढगांच्या अभ्यासांमागे तारीख, वेळ आणि वारा टिपून ठेवणाऱ्याच्या तोंडी ते शोभतं.

ते हिमचित्र त्याला इतकं तोंडपाठ होतं, कारण चार वर्षं आधी त्याने त्याचीही नक्कल केली होती. मूळ चित्र सर रॉबर्ट पील यांच्याकडे होतं. नक्कल मुळापासून वेगळी ओळखू यावी, या अटीवर त्यांनी ते दिलं, म्हणून कॉन्स्टेबलने त्यात एक कुत्रा वाढवला. चित्राच्या मागे त्याने तशी नोंद केली आहे: मूळ पीलकडचं, नक्कल हॅम्पस्टेडला, सप्टेंबर १८३२, कुत्रा आपण घातलेला. आणि त्याच नोंदीत पुढे, चित्राशी काहीही संबंध नसलेलं: ३० ऑक्टोबरला हे चित्र जॉन डनथॉर्नला दाखवलं, ती त्याची शेवटची भेट. डनथॉर्न त्याचा मदतनीस, त्याच्याच गावचा. ज्याच्याबरोबर कॉन्स्टेबल लहानपणी शेतात चित्रं काढायला जाई, त्या काचकाम करणाऱ्या शेजाऱ्याचा मुलगा. तो नोव्हेंबरमध्ये वारला.