हळदोण्याचा ट्रंपेट

'अलबेला' (१९५१) पाहताना 'दीवाना परवाना' या गाण्यात नायक-नायिकेवरून नजर हटवा आणि वाद्यवृंदाकडे पाहा. झालरीच्या बाह्यांचा सदरा घालून ट्रंपेट वाजवणारे ते गृहस्थ नट नव्हेत. ते अंतोनियो झेवियर वाझ. मुंबई त्यांना 'चिक चॉकलेट' म्हणून ओळखत असे.

जन्म १९१६, गोव्यातील हळदोणे. पोर्तुगीज अमलात तेथील चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवीत. हेतू एवढाच, की उपासनेला साथ मिळावी. ही विद्या एक दिवस हिंदी चित्रपटांत शिरेल, हे पाद्र्यांच्या स्वप्नीही नसेल!

दुसरा संस्कार लुई आर्मस्ट्राँग यांचा. त्यांची वादनशैली, तो खरखरीत गळा, रंगमंचावरील लकबी, सारे वाझ यांनी उचलले. नक्कल खरी, पण कोणती तालीम नकलेवाचून सुरू होते?

१९३५ साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजू लागला, आणि तबकडीवरचे जाझ समोर ऐकू आले. पुढे त्याच ताजमध्ये वाझ यांचा स्वतःचा वाद्यवृंद गाजला.

'अलबेला'चे संगीतकार सी. रामचंद्र हे गोदाकाठच्या पुणतांब्याचे. त्यांच्या चालींना जाझचा साज चढवण्यात वाझ यांचा हात होता. असे काम करणाऱ्या गोमंतकीय वादकांची नावे श्रेयनामावलीत बहुधा येत नसत.

वाझ यांचे मात्र आले. त्याच १९५१ साली 'नादान'च्या पडद्यावर, संगीतकार म्हणून. १९६७ साली ते निवर्तले.