पांढऱ्या रेषेवरून शिकवणारा यंत्रमानव

साध्या यंत्रमानवांकडून बुद्धीचे कोडे उलगडण्याचा प्रयत्न ब्रिस्टलमध्ये १९४८-४९ साली झाला. मेंदूशास्त्रज्ञ ग्रे वॉल्टर यांची तीन चाकांवरची ‘कासवे’ जेमतेम काही भागांची होती, पण प्रकाश शोधत फिरत. पुढे अमेरिकेतील ‘शेकी’ या यंत्रमानवाच्या प्रकल्पातून १९६८ मध्ये ‘ए-स्टार’ ही वाट शोधण्याची पद्धत निघाली. आज ती बहुतेक ठिकाणी फळ्यावरच शिकवली जाते, हे जरा विचित्रच.

महाराष्ट्रात ही उणीव भरून काढली ती आयआयटी मुंबईच्या ‘ई-यंत्र’ प्रकल्पाने. प्रा. कवी आर्य यांच्या पुढाकारातून आणि केंद्र सरकारच्या साहाय्यावर तो उभा राहिला. त्याचा ‘फायर बर्ड’ हा चाकांचा यंत्रमानव पोटाखालच्या संवेदकांनी जमिनीवरची पांढरी रेषा ओळखतो. उजेड बदलला की संवेदकांचे आकडेही बदलतात आणि काल बिनचूक चाललेला प्रोग्राम आज रेषा सोडतो. अनिश्चितता म्हणजे काय, ते विद्यार्थ्याला इथे कळते. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत उजेड कधी बदलत नाही.

२०१२ पासून ‘ई-यंत्र’ची स्पर्धा सुरू झाली. निवडलेल्या संघांना यंत्रमानवाचा संच पाठवला जाऊ लागला. पवईच्या आयआयटीपासून सुमारे नऊशे किलोमीटरवरच्या भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यातील विद्यार्थ्यांसाठी ही सोय मोलाची. शाळांच्या पातळीवर २०१६ मध्ये नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेने संवेदक, मोटारी आणि सूक्ष्मनियंत्रक सहावीपासूनच्या मुलांच्या हाती दिले.