सुपरबारिओ : भाडेकरूंचा मुखवटाधारी कैवारी

१/ अंगी कोणतीही अद्भुत शक्ती नसताना सामान्य माणसाला महानायक होता येते का? १९८७ साली मेक्सिको सिटीत हा प्रयोग झाला. त्याची ही हकिकत.

२/ १९ सप्टेंबर १९८५ रोजी सकाळी या शहराला भीषण भूकंपाचा तडाखा बसला. शहराचा मध्यभाग प्राचीन सरोवराच्या गाळावर वसलेला. तेथे हादरे अधिकच तीव्र झाले. हजारो माणसे दगावली, असंख्य कुटुंबे उघड्यावर आली.

३/ वाचलेल्यांपुढे दुसरे संकट होते. मध्यवस्तीत आपल्या चाळींसारख्या, सामायिक अंगणाच्या जुन्या इमारती होत्या. त्यांतील अनेक खोल्यांची भाडी १९४० च्या दशकातील सरकारी हुकुमांनी गोठवलेली होती. जुने भाडेकरू निघाले, तरच घरमालकांना जागेचे मोल मिळणार होते.

४/ एप्रिल १९८७ मध्ये भाडेकरूंनी व बेघरांनी 'आसाम्ब्लेआ दे बारिओस', म्हणजे वस्त्यांची सभा, ही संघटना स्थापली. जूनमध्ये तिच्या लढ्यात एक आगळी व्यक्ती अवतरली : लाल-पिवळा पोशाख, चेहऱ्यावर मल्लाचा मुखवटा, छातीवर 'एसबी' ही अक्षरे. नाव सुपरबारिओ.

५/ मुखवटाच का? मेक्सिकोच्या 'लुचा लिब्रे' या कुस्तीत मुखवटा ही मल्लाची अब्रू असते. चंदेरी मुखवट्याचा मल्ल 'एल सांतो' पन्नासहून अधिक चित्रपटांत झळकला. १९८४ साली त्याचे दफनही मुखवट्यासहच झाले. गरिबांच्या वस्तीत ही खूण कोणालाही समजावून सांगावी लागत नसे.

६/ सुपरबारिओला उडता येत नव्हते. खोली रिकामी करवून घेण्यास माणसे आली, की शेजारी गोळा होत आणि तो त्यांच्यासह दारात उभा राही. सरकारी कचेरीतही तो मुखवट्यासहच वाटाघाटींना बसे.

७/ नेत्याचा चेहरा ठाऊक असला, की त्याला फितवता येते, धमकावता येते, तुरुंगात टाकता येते. येथे चेहराच नव्हता. सुपरबारिओ म्हणजे आपण सारेच, अशी संघटनेची भूमिका होती.

८/ १९८८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्याने लुटुपुटीची उमेदवारी मांडली आणि क्वाउतेमोक कार्देनास यांना पाठिंबा दिला. कार्देनास तेव्हा हरले. परंतु १९९७ साली राजधानीच्या नागरिकांनी शहराचा कारभारी प्रथमच स्वतः निवडला, तेव्हा कौल कार्देनास यांनाच मिळाला. तोवर ही नेमणूक राष्ट्राध्यक्ष करीत.

९/ भाडेकरूंवरील अन्याय त्यामुळे संपला नाही. मात्र एकट्याने दाराआड रडणाऱ्या कुटुंबाला शेजाऱ्यांना हाक मारण्याची सवय लागली. त्या मुखवट्याचे सामर्थ्य एवढेच होते, आणि ते कोणाही सामान्य माणसाच्या आवाक्यातले होते.