रक्तातील शिसे

बंगळुरूच्या दक्षिणेस, बन्नेरघट्टा मार्ग आणि कनकपुरा मार्ग यांच्या दरम्यान, जयप्रकाश नारायण यांच्या नावाने वसलेली एक विस्तीर्ण वसाहत आहे. लोकांच्या तोंडी ती जे. पी. नगर. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात अशा वसाहतींतील रस्त्यांवर वाहनांची वर्दळ वाढत होती, भिंतींना व खेळण्यांना नवे झळझळीत रंग चढत होते आणि वाहनांतल्या जुन्या बॅटऱ्या भंगारात जात होत्या. पेट्रोल, रंग आणि बॅटरी या तिन्हींत एकच धातू वास करीत होता : शिसे. तेथे वाढणाऱ्या मुलांच्या रक्तात तो किती उतरला आहे, याचा व्यापक हिशेब मात्र देशात झालेला नव्हता.

शिसे आपल्याला परके नाही. देवाच्या दगडाला फासला जाणारा पारंपरिक शेंदूर हा शिशाचाच ऑक्साइड. कल्हईच्या कथिलात स्वस्ताईसाठी शिसे मिसळण्याची लबाडीही जुनी. परंतु श्वासागणिक ते माणसाच्या देहात पोचवले मोटारीने. १९२१ च्या डिसेंबरात अमेरिकेत टॉमस मिजली या अभियंत्याला असे आढळले की, शिशाचे एक संयुग पेट्रोलमध्ये अल्प प्रमाणात घातल्यास इंजिनाचे ठोके थांबतात. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील एका कारखान्यात हे संयुग हाताळणारे कामगार भ्रमिष्ट झाले व त्यांतील पाच दगावले. विक्री काही काळ थांबली आणि पुन्हा सुरू झाली. उद्योगाच्याच पैशावर संशोधन करणारे डॉ. रॉबर्ट केहो पुढे कित्येक दशके प्रतिपादन करीत राहिले की, शिसे प्रत्येकाच्या देहात असतेच आणि एका मर्यादेखाली ते निरुपद्रवी असते.

या मताला धक्का दिला तो एका भूरसायनशास्त्रज्ञाने. क्लेअर पॅटरसन यांनी शिशाच्या समस्थानिकांवरून पृथ्वीचे वय निश्चित केले होते. त्या कामात त्यांना प्रयोगशाळेतील धूळ, पाणी, भांडी सर्वत्र बाहेरचे शिसे आडवे येई. १९६५ मध्ये त्यांनी एक साधा पण मूलगामी भेद मांडला : जे सर्वांच्या ठायी आढळते ते ‘सर्वसामान्य’ असेल, ‘नैसर्गिक’ असेलच असे नाही. सगळा गावच तापाने फणफणला, म्हणून ताप हे आरोग्य ठरत नाही. पुढे १९७९ मध्ये हर्बर्ट नीडलमन यांनी शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात तपासले. वरकरणी निरोगी असलेल्या, परंतु दातांत शिसे अधिक असलेल्या मुलांची बुद्धी व अवधान उणे भरले. ना ताप, ना वेदना. वर्गात मागे पडणारे मूल फार तर ‘मठ्ठ’ म्हणवून घेई.

न दिसणारी ही बाधा भारतात मोजण्याचे मोठे काम बंगळुरूत झाले. तेथील सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. थुप्पिल व्यंकटेश आणि जॉर्ज फाउंडेशन यांनी १९९७ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता, चेन्नई, हैदराबाद आदी शहरांत रक्ततपासणी केली. १९९९ मध्ये बंगळुरूच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत समस्येचे जे चित्र उभे राहिले ते अस्वस्थ करणारे होते : तपासलेल्या निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात दर डेसिलीटरमागे १० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक शिसे होते. ही त्या काळची इशारापातळी. अमेरिकेने ती पुढे २०१२ मध्ये ५ आणि २०२१ मध्ये ३.५ वर आणली.

२००० साली भारतात शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. त्याचे सारे श्रेय या पाहणीला देणे मात्र इतिहासाशी प्रतारणा होईल. दिल्लीच्या हवेसंबंधीचा न्यायालयीन लढा आधीच चालू होता. शिवाय धूर शुद्ध करणारे नवे उपकरण शिशाने निकामी होत असल्याने मोटारींनाच ते नकोसे झाले होते. व्यंकटेश यांच्या कार्याचे खरे मोल त्यानंतरचे आहे. पेट्रोल गेले तरी रक्तातील शिसे संपले नाही, तेव्हा सेंट जॉन्समध्ये उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय केंद्रातून त्यांनी घरचे रंग आणि उघड्यावर वितळवल्या जाणाऱ्या बॅटऱ्या यांकडे बोट दाखवले. घरगुती रंगांत दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक शिसे नसावे, असा नियम २०१६ मध्ये झाला व पुढील वर्षी अमलात आला. तरीही २०२० च्या युनिसेफच्या अहवालात भारतातील सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात शिसे ५ मायक्रोग्रॅम वा अधिक असल्याचा अंदाज आहे.

रक्तातील शिसे काही आठवड्यांत उतरते; हाडांतले मात्र कित्येक दशके मुक्काम करते. गर्भारपणी बाळाची हाडे घडवण्यासाठी आईच्या हाडांतून चुना सुटतो, तेव्हा हे साठलेले शिसेही त्याच्यासवे रक्तात येते आणि वार ओलांडते. शिसेयुक्त धुरात बालपण गेलेल्या, १९९९ साली सात-आठ वर्षांच्या असलेल्या मुली आता स्वतः आया झाल्या आहेत.