दुर्गम भागातील परिचारिका : नोकरी आणि संसार

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांत सार्वजनिक आरोग्यसेवेचा भार मुख्यत्वे उपकेंद्रातील आरोग्यसेविकेवर असतो. मैदानी भागात पाच हजार, तर आदिवासी व डोंगराळ भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असा निकष आहे. मात्र गावे आणि टोले विखुरलेले असल्याने लोकसंख्या कमी असूनही फिरती वाढते. गरोदर मातांची तपासणी, प्रसूती, लसीकरण, हिवतापासाठी रक्तनमुने घेणे आणि नोंदवह्या ही सारी कामे तिच्याकडेच येतात.

पेच कुठे आहे?

प्रसूतीला वेळकाळ नसतो; म्हणून मुख्यालयी राहण्याची अट आहे. पतीची नोकरी दुसऱ्या तालुक्यात आणि मुलांची शाळा शहरात असेल, तर तीन मार्ग उरतात : दोन बिऱ्हाडे करणे, मुले आजी-आजोबांकडे ठेवणे किंवा रोज ये-जा करणे. पहिल्यात पगार ओढला जातो, दुसऱ्यात आई दुरावते, तिसऱ्यात रात्री अडलेल्या बाळंतिणीजवळ कोणी नसते. पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा संपर्क वारंवार तुटला आहे. अशा दिवसांत घरी जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

शासनाचे उपाय

आदिवासी क्षेत्रातील कर्मचाऱ्यांसाठी राज्य शासनाने २००२ मध्ये एकस्तर वरिष्ठ वेतनश्रेणी व प्रोत्साहन भत्ता देण्याचा निर्णय घेतला. २०१८ मध्ये महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवेत १८० दिवसांची बालसंगोपन रजा मंजूर झाली. २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून कंत्राटी परिचारिका मिळाल्या. तथापि कंत्राटी नोकरीत स्थैर्य नाही. सेवेत कायम करण्याच्या मागणीसाठी अभियानातील कर्मचाऱ्यांनी २०२३ मध्ये राज्यव्यापी संप केला होता.

रजा आहे, पण बदली कोण?

भत्त्याने खर्च भागतो, अनुपस्थिती भरून निघत नाही. उपकेंद्रात एकच परिचारिका असेल, तर तिची रजा म्हणजे गावाची सेवा बंद. दुसरी परिचारिका, राहण्यायोग्य निवासस्थान, पती-पत्नींची जवळपास नेमणूक आणि बदलीची निश्चित मुदत यांचा विचार म्हणूनच एकत्रितपणे व्हावयास हवा. अनुभवी परिचारिका निघून गेली की केवळ एक पद रिक्त होत नाही. तिने आत्मसात केलेली गोंडी किंवा माडिया बोली आणि घराघरांतून मिळवलेला विश्वासही तिच्याबरोबर जातो. नव्या परिचारिकेला तो पुन्हा पहिल्यापासून मिळवावा लागतो.