अंतरपाटापलीकडची मुलगी

घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. इथला नारायण सूर्याजी ठोसर बाराव्या वर्षी ‘सावधान’ हा शब्द कानी पडताच लग्नमंडपातून पळाला, ही कथा मी लहानपणापासून कीर्तनांत ऐकत आलो. अंतरपाटापलीकडच्या मुलीचे पुढे काय झाले, हे तिथे कुणी सांगितले नाही. मीही पन्नाशीपर्यंत विचारले नाही. कथा इतिहास म्हणून किती टिकते, हा वेगळा प्रश्न. सांगणाऱ्यांची आणि ऐकणाऱ्यांची रीत मात्र तिच्यात स्पष्ट दिसते: मुलाचे पळणे वैराग्य ठरले, मुलीचे नाव घ्यावे असेही आम्हाला वाटले नाही.

समर्थांच्याच शिष्या वेणाबाई बालविधवा होत्या. समर्थांनी त्यांना कीर्तनाचा अधिकार दिला, मिरजेचा मठ सोपवला, असे परंपरा सांगते. लग्नात ज्यांना कुणी विचारले नसेल, त्या वेणाबाईंनी ‘सीतास्वयंवर’ रचले.

जालन्याला लागूनच असलेल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून विचारले, की विधुराला दुसरे लग्न चालते, मग विधवेलाच बंधन का?

मुलीच्या लग्नाचे वय कायद्याने 1929 मध्ये 14, तर 1978 मध्ये 18 केले. तरी 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, महाराष्ट्रातील 20 ते 24 वयाच्या दर 100 स्त्रियांपैकी सुमारे 22 जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले.

आमच्याकडे मंगलाष्टकांत ‘सावधान’ आजही म्हणतात. ते ऐकून एखादी मुलगी मंडपातून उठली, तर तिला आपण काय म्हणू?